वजनाची डबी मागे पळते: वर पिन केलेली विंडो वर का टिकत नाही

कापसाचा हंगाम लागला की अमळनेर-धरणगाव पट्ट्यातून मला एक फोन ठरलेला असतो. एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, भुईकाट्यावर नाना बसतात. तिथे भरलेल्या गाडीचं वजन होतं. गाडी काट्यावर उभी असतानाच ते फोन लावतात. "भाऊ, वजननी डबी परत मांगे पयी गयी." मागे ट्रॅक्टरची धडधड आणि रांगेतल्या कुणाचं तरी "हुयनं का नाना?"

डबी म्हणजे विंडो. काट्याच्या इंडिकेटरमधून सिरियल केबलने आलेलं वजन दाखवणारी पत्त्यांच्या कॅटएवढी काळी विंडो, तिच्यात हिरवे आकडे. शेतकऱ्याचं नाव, गाव आणि गाडी नंबर नाना एक्सेलच्या खरेदी रजिस्टरात भरतात. एक्सेलवर क्लिक केलं की डबी त्याच्या मागे जाते. टास्कबारवरून ती पुढे आणायची, आकडा बघायचा, एक्सेलवर यायचं, की डबी पुन्हा गायब. दिवसभर हाच खेळ.

२०२४-२५ च्या हंगामात या खेळात नानांनी ३,२४० किलोच्या जागी ३,४२० लिहिलं. डबी मागे होती, आकडा डोक्यात धरून टाइप केला आणि मधले अंक फिरले. फरक १८० किलोचा. त्या वर्षी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,१२१ रुपये होता, म्हणजे त्या भावाने धरलं तरी बारा हजार आठशेचा घोळ. काटापावतीवर आकडा बरोबर छापला होता म्हणून संध्याकाळी मेळ घालताना सापडला. तेव्हापासून मी या डबीच्या मागे लागलो. आता हेच काम घेऊन बाकीच्यांचेही फोन येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

आधी थोडं आतलं, कारण ते कळलं की पुढची निम्मी डोकेदुखी जाते. विंडोज उघड्या विंडो चळतीसारख्या एकावर एक ठेवतं. जिच्यावर क्लिक कराल ती चळतीच्या वर येते. पण चळती दोन असतात, एक साधी आणि तिच्याही वर दुसरी. वरच्या चळतीतल्या विंडोला साधी विंडो कधीच झाकू शकत नाही. 'ऑलवेज ऑन टॉप', म्हणजेच विंडो पिन करणं, म्हणजे तिला खूण लावून खालच्या चळतीतून वरच्या चळतीत टाकणं. ती खूण लागते त्या उघड्या विंडोला. प्रोग्रामला नाही, फाइललाही नाही. विंडो बंद झाली की खूणही गेली. नवीन विंडो उघडली की ती पुन्हा साध्या चळतीत. नानांच्या रोजच्या फोनचं मूळ यातच आहे, पण ते कळायला मला दोन हंगाम लागले.

सॉफ्टवेअरमध्येच सोय आहे का, ते आधी बघा

पुष्कळदा असते आणि आपण बघत नाही. व्हीएलसीच्या 'व्हिडिओ' मेनूत 'ऑलवेज ऑन टॉप' आहे. टास्क मॅनेजरमध्ये विंडोज १० ला 'ऑप्शन्स'मध्ये आणि विंडोज ११ ला सेटिंग्जमध्ये. विंडोजच्या कॅल्क्युलेटरला 'स्टँडर्ड' या नावाशेजारी एक छोटं चिन्ह आहे. त्यावर क्लिक करा किंवा ऑल्ट आणि वरचा बाण दाबा, कॅल्क्युलेटर लहान होऊन वर चिकटतो. ही सोय फक्त स्टँडर्ड मोडमध्ये आहे. सायंटिफिकला लावून ठेवला असेल तर चिन्ह दिसणारच नाही आणि 'माझ्याकडे नाहीच' असं वाटेल.

वजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सेटिंग' आणि 'डिस्प्ले'च्या आत शिरून बघा. काहींत टिकली, म्हणजे बरोबरची खूण करायचा छोटा चौकोन, असते. नानांच्यात नव्हती.

पॉवरटॉइज

सॉफ्टवेअरमध्ये सोय नसेल तर मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज हे मोफत साधन टाका. विंडोज १० आणि ११ वर चालतं. त्यात 'ऑलवेज ऑन टॉप' हा भाग २०२२ पासून आहे. हवी ती विंडो क्लिक करून पुढे आणायची आणि विंडोज, कंट्रोल, टी या तीन कळा एकत्र दाबायच्या. विंडोभोवती रंगीत कडा येते. सोडवायची असेल तर त्याच कळा पुन्हा.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी डबीवर क्लिक, मग कळा. पहिल्या दिवशी नानांनी एक्सेल पुढे असतानाच कळा दाबल्या. पूर्ण स्क्रीनभर पसरलेलं एक्सेलच वर चिकटलं आणि डबी टास्कबारवरून आणूनही येईना. "आते तर कायमनीच गयी," म्हणाले. फोनवर मी विचारलं, "एक्सेलच्या भोवती रंगीत रेघ दिसते का?" दिसत होती. एक्सेलवर क्लिक, त्याच कळा, सुटलं.

ती कडा मी मुद्दाम जाड आणि गडद करून ठेवतो. शोभेसाठी नाही, फोनवरून निदान करायला सोपं जातं म्हणून. कडा आहे पण विंडो मागे जाते, तर गडबड एका प्रकारची. कडाच येत नाही, तर दुसऱ्या प्रकारची.

कळा दाबूनही कडा येत नाही

भुईकाट्यांवर हे सगळ्यात जास्त होतं. कारण बहुधा एकच. वजनाचं सॉफ्टवेअर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून, म्हणजे संगणकावरच्या वाढीव हक्काने, चालू असतं आणि पॉवरटॉइज साध्या हक्काने. २००७ साली आलेल्या विस्टापासून विंडोजचा नियम आहे की कमी हक्काच्या प्रोग्रामने जास्त हक्काच्या प्रोग्रामच्या विंडोला हात लावायचा नाही. नियम योग्यच आहे, नाहीतर कुठलाही फालतू प्रोग्राम मोठ्या हक्काच्या विंडोत शिरून काहीही दाबेल. पण आपल्या डबीला त्याचा फटका बसतो. पॉवरटॉइज एकदा कोपऱ्यात सूचना दाखवतं की ॲडमिनिस्ट्रेटर हक्काचा प्रोग्राम आढळला आहे. ती कुणी वाचत नाही, 'पुन्हा दाखवू नका' दाबून मोकळे होतात.

खात्री सोपी आहे. नोटपॅड उघडून त्याच्यावर त्याच कळा दाबा. नोटपॅडला कडा आली आणि डबीला आली नाही, तर बहुतेक हेच.

उपाय पॉवरटॉइजच्या 'जनरल' पानावर. 'ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून पुन्हा सुरू करा' हे बटण दाबा. ते तसं सुरू झाल्यावरच 'नेहमी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' ही टिकली चालू करता येते, ती करा. त्याच पानावर 'संगणक सुरू होताना चालू करा' हेही असतं.

इथे माझी एक चूक सांगतो, कारण ती तुम्हीही कराल. मला वाटलं, पॉवरटॉइजचा हक्क वाढवण्यापेक्षा वजनाच्या सॉफ्टवेअरचा कमी करू. त्याच्या आयकॉनच्या प्रॉपर्टीजमध्ये, टाकणाऱ्याने लावून ठेवलेली 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ची टिकली मी काढली. सॉफ्टवेअर उघडलं, पावती निघाली, डबी पिन झाली. खूश होऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी सवयीने राइट क्लिक करून तेच ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं, आणि आदल्या दिवसाची एकही पावती नाही. नंबर जिथून सुरू झाला होता तिथूनच परत छापू लागला. शेतकऱ्यांच्या हातात ज्या नंबरच्या पावत्या होत्या, त्याच नंबरच्या दुसऱ्या निघायला लागल्या. मालकांचा आवाज फोनमधून बाहेर येत होता.

झालं असं होतं. सॉफ्टवेअरची नोंदींची फाइल 'प्रोग्राम फाइल्स' फोल्डरात होती. साध्या हक्काच्या प्रोग्रामला तिथे लिहायला मनाई असते. पण जुन्या ३२-बिट प्रोग्रामची अडचण होऊ नये म्हणून विंडोज गुपचूप त्या फाइलची एक प्रत युजरच्या फोल्डरात करतं, ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या वाटेने, आणि प्रोग्रामला तिथे लिहू देतं. प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. सगळा दिवस त्या प्रतीत भरला गेला होता. मी दोन्ही फाइलींचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेतला, प्रत मूळ जागी ठेवली, टिकली परत लावली आणि सकाळच्या चार पावत्या नानांकडून हाताने भरून घेतल्या. तेव्हा नोंदी कुठे साठतात हे माहीत नसेल तर त्या टिकलीला हात लावू नका. पॉवरटॉइजचाच हक्क वाढवा.

कडा आली, पण दुसऱ्या दिवशी डबी परत मागे

इथे बिघाड काहीच नाही. खूण विंडोला लागते आणि विंडो बंद झाली की जाते, हे वर लिहिलंच. नानांच्या इथे दुपारी लाइट जाते, इन्व्हर्टरवर फक्त बल्ब आणि पंखा आहे, संगणक बंद पडतो. लाइट आली की डबी नवीन आणि खूण नाही. पॉवरटॉइज बंद होऊन चालू झालं तरी पिन केलेल्या विंडो सुटतात. 'ही विंडो कायम वर' असं लक्षात ठेवायची सोय त्यात नाही. दिवसातून दोनदा कळा दाबायला कंटाळा नसेल तर इथेच थांबा, पुढचं वाचायची गरज नाही.

नानांना कळांचा क्रमच लक्षात राहत नव्हता, म्हणून मी ऑटोहॉटकी वापरलं, छोट्या स्क्रिप्टा लिहून संगणकाकडून कामं आपोआप करून घ्यायचं साधन. हेही मोफत आहे, आणि विंडोज ७ वर, जिथे पॉवरटॉइज चालत नाही, तिथेही चालतं. काट्यांवर विंडोज ७ अजून भरपूर आहे. चार-पाच ओळींची स्क्रिप्ट पुरते. दर सेकंदाला बघायचं की डबी उघडी आहे का, असली तर तिला 'वर ठेवा' लावायचं. लाइट जाऊन आली तरी संगणक चालू झाला, डबी उघडली, की सेकंदात वर.

यात तीन खड्डे आहेत, तिन्हींत मी पडलो. जुन्या स्क्रिप्टा उचलून चिकटवाल तर चालणार नाहीत, कारण २०२२ अखेर आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत हीच आज्ञा लिहायची पद्धत वेगळी आहे. स्क्रिप्ट कुठल्या आवृत्तीची आहे ते आधी बघा. दुसरा खड्डा नावाचा. दुसऱ्या आवृत्तीत विंडोच्या शीर्षकात दिलेला शब्द कुठेही सापडला तरी ती विंडो जुळली असं धरलं जातं. मी शब्द दिला होता 'वेट'. नानांच्या मुलाने एक्सेल फाइलला नाव दिलं 'वेट रजिस्टर'. स्क्रिप्टने इमानदारीने एक्सेलच वर चिकटवलं. म्हणून शीर्षकाऐवजी प्रोग्रामच्या फाइलचं नाव द्या, ते बदलत नाही.

तिसरा खड्डा पुन्हा हक्कांचा. सॉफ्टवेअर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालत असेल तर स्क्रिप्टही तशीच चालायला हवी. ती नुसती स्टार्टअप फोल्डरात टाकली तर साध्या हक्काने सुरू होते. टास्क शेड्यूलर उघडा, नवीन टास्क करा, 'रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस'ला टिकली लावा आणि ट्रिगर 'ॲट लॉग ऑन' द्या. काट्यावर लॅपटॉप असेल तर 'कंडिशन्स' टॅबमध्ये 'फक्त एसी पॉवर असेल तरच सुरू करा' ही टिकली आधीपासून लागलेली असते, ती काढा. लाइट गेलेली असताना बॅटरीवर लॅपटॉप सुरू केला तर टास्क चालतच नाही, आणि आपण तासभर स्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसतो. तासभर नाही, माझे दोन गेले.

"सम्दं अडकी गयं भाऊ"

हा फोन वेगळाच. "सम्दं अडकी गयं भाऊ, नुस्तं टुंग टुंग करस." डबी वर आहे, एक्सेल दिसतंय, पण कुठेही क्लिक केलं की नुसता आवाज. नाना संगणक बंद करून चालू करायचे, आणि सेव्ह न केलेल्या गाड्या जायच्या.

संगणक अडकलेला नव्हता. एक्सेलने एक प्रश्न विचारला होता. बदल सेव्ह करायचे का, हो किंवा नाही. तो प्रश्नाचा चौकोन उघडतो साध्या चळतीत. डबी वरच्या चळतीत, आणि नानांनी ती ताणून मोठी करून बरोबर स्क्रीनच्या मध्यावर ठेवलेली. म्हातारपणाचा चष्मा, मोठे आकडे हवे होते. प्रश्न डबीच्या मागे दडलेला आणि एक्सेल उत्तराची वाट बघत बसलेलं. उत्तर मिळेपर्यंत एक्सेल दुसरं काही करू देत नाही, त्याचाच तो टुंग.

अशा वेळी एंटर दाबत सुटू नका, न वाचलेल्या प्रश्नाला हो म्हणाल. डबी ओढून बाजूला करा, मागे बहुतेक वेळा चौकोन सापडतो. आणि डबीची जागा कायमची कोपऱ्यात करा. मी वर उजवीकडे ठेवतो, प्रश्न सहसा मध्यावर येतात. एक्सेलची विंडो तेवढी खाली ओढून घ्या, म्हणजे एक्सेलचं बंद करायचं फुलीचं बटण झाकलं जात नाही. आकडे मोठे हवेत तर सॉफ्टवेअरमध्ये फॉन्ट वाढवा, विंडो नको.

दोन विंडो, दोघींनाही वर राहायचंय

पुढच्या खेपेला गेलो तर नानांनी कॅल्क्युलेटरही वर चिकटवलेला, आणि मुलाने क्रिकेटचा व्हिडिओ. कडांनी स्क्रीन लग्नाच्या मांडवासारखी सजलेली. वरच्या चळतीतही विंडो एकावर एकच राहतात, शेवटी जिच्यावर क्लिक केलं ती सगळ्यांच्या वर. पिन केल्याने डबीला साध्या विंडोंपासून सुटका मिळते, पिन केलेल्या दुसऱ्या विंडोपासून नाही. 'सगळ्यात वरची' अशी तिसरी चळत मागू नका, तुमच्या-माझ्या कामासाठी ती नाही. माझं मत विचाराल तर एका वेळी एकच विंडो वर ठेवा, आणि तीही सगळ्यात लहान. क्रिकेट मोबाइलवर बघा.

डबी वेगळी नसेल तर

रावेरकडे केळीच्या एका काट्यावर असं सापडलं. तिथलं सॉफ्टवेअर जुन्या धाटणीचं, वजनाची पट्टी मुख्य विंडोच्याच पोटात. पिन केलं की सगळी मोठी विंडो वर चिकटते आणि एक्सेल झाकून टाकते. पोटातली पट्टी तेवढी सुटी पिन होत नाही.

इथे पॉवरटॉइजचा दुसरा भाग कामाला आला, 'क्रॉप अँड लॉक', २०२३ पासूनचा. सॉफ्टवेअर पुढे आणून विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि टी दाबा, मग माउसने फक्त वजनाच्या आकड्याभोवती चौकोन ओढा. तेवढ्याच भागाची एक नवी छोटी विंडो तयार होते आणि तिच्यात आकडा जिवंत दिसतो, ट्रक काट्यावर चढताना हलतोही. मग हिच्यावर नेहमीच्या तीन कळा, पिन. या तुकड्यावर क्लिक करून काही करता येत नाही, तो फक्त बघायला आहे, आणि इथे तेवढंच हवं होतं. मूळ सॉफ्टवेअर मागे राहू द्या पण मिनिमाइझ करू नका, नाहीतर थिजलेला आकडा बघून तुम्ही मागच्या ट्रकचं वजन लिहाल. रोज सकाळी हे एकदा करावं लागतं. तिथल्या ऑपरेटर ताईंनी ते मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी लावून पाठ केलंय.

शेजारी शेजारी का नाही लावत, असं काहीजण विचारतात. विंडोज आणि बाणाची कळ दाबून दोन विंडो अर्ध्या-अर्ध्या लावता येतात, खरं आहे. पण काट्यावरचे मॉनिटर बहुधा १३६६ बाय ७६८ चे. अर्ध्यात ६८३ पिक्सेल उरतात, आणि त्यात खरेदी रजिस्टरचे अकरा रकाने मावत नाहीत. दुकानात धूळ खात पडलेला एखादा जुना मॉनिटर असेल तर दुसरा म्हणून जोडा आणि डबी तिकडे सरकवा. तो सगळ्यात निर्धोक उपाय, वरच्या एकाही भानगडीची गरज नाही. नानांच्या टेबलावर मात्र चहाचे कप, शिक्क्यांचं पॅड आणि पावत्यांचे गठ्ठे यांतून जागाच उरत नाही.

रिमोट डेस्कटॉपने दुसऱ्या संगणकावर काम करत असाल तर लक्षात ठेवा, ते पूर्ण स्क्रीनवर असताना विंडोज कळेची जोडणी पलीकडच्या संगणकाला जाते. पिन करायचं ते पूर्ण स्क्रीनमधून बाहेर येऊन करा. लिनक्स मिंट वापरणाऱ्यांना हा सगळा खटाटोपच नाही. शीर्षकपट्टीवर राइट क्लिक, 'ऑलवेज ऑन टॉप', झालं. विंडो बंद झाली की खूण तिथेही जाते. ती कायमची हवी असेल तर केडीई डेस्कटॉपमध्ये विंडोचे नियम लिहून ठेवता येतात.

नानांकडे गेल्या आठवड्यात दुपारी दोनदा लाइट गेली. दोन्ही वेळा संगणक चालू झाल्यावर डबी आपोआप वर उजव्या कोपऱ्यात आली, हे त्यांनी स्वतःहून फोन करून सांगितलं. फोन खरा त्यासाठी नव्हताच. प्रिंटरमध्ये रुईचे तंतू अडकून पावती अर्धीच छापली जाते म्हणून होता.